लुगड्याचं दुसरं टोक

आमच्या घरात गप्प बसणारं माणूस एकच होतं, माझा धाकटा भाऊ. बाकी आम्ही सगळे बोलणारे. बाबा कचेरीत कारकून होते आणि दिवसभर कोण कोणाला काय म्हणालं, हे संध्याकाळी आवाज बदलून बदलून सांगायचे. आजी म्हणजे बाबांची आई. तिचा जन्म वरवट बकालच्या शेतात गेलेला. बुलढाण्याला आमच्याकडे येऊन राहिली तरी दोन शेतांपलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय तिच्या आवाजातून गेली नाही. आई त्यातल्या त्यात कमी बोलायची, पण तीही काम करता करता भांड्यांशी, चुलीशी, शेजारणीशी काहीबाही बोलत असायची. आणि मी. माझ्या तोंडाचा पट्टा शाळेत बाईंनाही आवरत नव्हता आणि आज पेन्शनीत निघाले तरी तो आवरलेला नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी सातवीत होते आणि भाऊ पाच वर्षांचा. तोवर त्यानं एक शब्द काढला नव्हता. मुका म्हणावं तर रडताना, हसताना गळा चांगला मोकळा असायचा. बहिरा म्हणावं तर दोन खोल्यांपलीकडे गुळाच्या डब्याचं झाकण निघालं की तो हजर व्हायचा. पण नावानं हाक मारली तर बघायचा नाही. उचलून घेतलं तर अंग ताठ करायचा. त्याला फळीवरचं काही हवं असलं की आमच्यापैकी कोणाचं तरी मनगट धरून फळीपाशी न्यायचा. माणसाला नव्हे, मनगटाला. त्या मनगटाला लागून वर एक माणूस आहे आणि त्या माणसाला तोंड आहे, हे त्याच्या खिजगणतीत नसायचं. याचा मला फार राग यायचा. मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायची, तर तो डोळे दुसरीकडे फिरवायचा.

एक गोष्ट मात्र त्याला वेड्यासारखी आवडायची, ती म्हणजे ठिबकणारं पाणी. रांजणाखाली, पन्हाळीखाली, धुण्याच्या दगडापाशी तो तासन्‌तास उकिडवा बसून थेंब बघायचा.

गावातल्या डॉक्टरांनी कान तपासले, कान ठीक आहेत म्हणाले. वर सांगितलं, याच्याशी सारखं बोलत राहा, बोलणं कानावर पडलं की आपोआप बोलेल. त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं, पण सांगितलं कोणाला, तर आमच्या घराला. मग काय विचारता! बाबा सकाळी कचेरीत जाण्याआधी लोटा त्याच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "म्हन, लो-टा. म्हन ना बे, लो-टा!" आजी त्याच्या कानाशी जाऊन त्याचं नाव ओरडायची. मी शाळेतल्या कविता म्हणून दाखवायची. शेजारच्या काकू येता-जाता "काय रे, बोलत काऊन नाई?" असं विचारून जायच्या. भाऊ दोन्ही हात कानांवर ठेवून खाटेखाली जायचा. खाटेखाली गेला की आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून, खाली वाकून बोलायचो. एवढं बोलूनही तो बोलत नाही म्हटल्यावर बाबांचा धीर सुटला आणि ते आईला नि त्याला घेऊन नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे गेले.

परत आले तेव्हा बाबांनी कोणाचा आवाज काढून दाखवला नाही, तेव्हाच मी समजले की काहीतरी वाईट आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोष मुलाच्या कानात नाही, जिभेत नाही. आईच्या मायेत काहीतरी कमी पडलं, म्हणून मूल आत वळलं. आता काही वर्षं त्याला आईपासून दूर ठेवलं तर सुधारेल. नागपूरकडे अशा मुलांना ठेवून घेणारी एक संस्था होती. दिवाळीनंतर तिथं जागा होणार होती. बाबा हो म्हणून आले होते.

त्या काळी मोठमोठ्या देशांतले शिकलेले डॉक्टरही असंच मानत होते, हे मला फार पुढे कळलं. कळलं म्हणून राग गेला असं नाही. माझ्या आईनं त्या पोराला कापसासारखं जपलं होतं आणि टेबलापलीकडच्या एका माणसानं घडीभर बघून तिला सांगितलं की तुझी माया कमी पडली. बाबा वाईट नव्हते. पण टेबलापलीकडून, तेही इंग्रजी मिसळून कोणी काही सांगितलं की त्यांना ते खरं वाटायचं. जन्म कचेरीत गेला की असं होत असावं.

आई रडली नाही. पण पुढचे कितीतरी दिवस ती मध्येच काम थांबवून विचारायची, "मायेत कमी म्हंजे किती कमी हो?" वरणात मीठ किती कमी आहे विचारावं तसं विचारायची. बाबा म्हणायचे, "आता तो इषय नको काढू." आणि स्वतः दुसराच विषय काढायचे.

आषाढी एकादशी आली. चातुर्मासात बायका काही ना काही नेम धरतातच. कोणी एकवेळ जेवायचं, कोणी वांगं सोडायचं, कोणी रोज पिंपळाला प्रदक्षिणा घालायच्या. आईनं मौन धरलं. दिवस उगवल्यापासून संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. आजी म्हणाली, "मौनाचा नेम लय कडक असते वं. झेपन का तुले?" आई म्हणाली, "देवाले म्हटलं मी, माही वाचा घे अन्‌ त्याले दे. मायेत कमी असन तर हे त्यात जमा कर." यापेक्षा सरळ सौदा मी पाहिलेला नाही. देवालाही कदाचित वाटलं असेल की बाईला नाही कसं म्हणावं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून मी आईचं तोंड झाले. माझी शाळा सकाळची असायची. दुपारी घरी आले की दिवेलागणीपर्यंत माझी ड्यूटी. दूधवाला आला की आई बोटांनी माप दाखवायची, मी सांगायची. भाजीवालीशी घासाघीस करायची वेळ आली की आई भुवया वर करायची आणि मी माझ्या मनानं भाव पाडायची. शेजारच्या काकू आपल्या सुनेची गाऱ्हाणी घेऊन यायच्या, त्यांना आई नुसती मान डोलवायची. काकू म्हणायच्या, "तुह्यासारखं आयकनारं कोनी नाई वं." पण त्या गेल्या की आईला जे बोलायचं असायचं ते दिवा लागेपर्यंत तिच्या पोटात राहायचं. दिवा लागला की बांध फुटायचा. सकाळचं, दुपारचं, काकूंच्या सुनेचं, सगळं एकदम बाहेर यायचं. भाऊ त्यात असायचाच. "ये रे इकडे, पाह्य माह्याकडे, काय खाल्लं तू? पाह्य ना."

मला हे सगळं आठ दिवस गंमत वाटलं, नंतर कंटाळा आला. आई मला बोलवायला टाळ्या वाजवायची, त्या ऐकू न आल्यासारखं करून मी पुस्तकात तोंड खुपसून बसायची.

अशाच एका दुपारी गंमत झाली. विहिरीवर सकाळी पाणी भरायला गर्दी असायची म्हणून आई धुणं दुपारी मागच्या दारी काढायची. पावसाचे दिवस होते, लुगडं वाळता वाळत नसे. नऊवारी लुगडं एकट्या बाईला पिळता येत नाही. एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, आणि दोघींनी उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा. ते काम माझं होतं. आईनं टाळ्या वाजवल्या, मी उठले नाही. दारातून बघत होते. आईला ओरडता येत नव्हतं. तिनं दुसरं टोक धुण्याच्या दगडावर ठेवलं आणि आपलं टोक धरून माझी वाट बघत उभी राहिली. दगडापाशी भाऊ थेंब बघत बसला होता. थेंब हळूहळू थांबले. त्यानं लुगड्याकडे पाहिलं. मग ते टोक उचललं.

एरवी आईनं "धर, धर, घट्ट धर, सोडू नको हं!" असा घोष लावला असता आणि त्यानं टोक टाकून कानांवर हात ठेवले असते. पण तिला बोलता येत नव्हतं. तिनं फक्त आपल्या बाजूनं पीळ दिला. त्याच्या मुठीतलं टोक फिरू लागलं, त्यानं ते सोडलं, लुगडं चिखलात पडलं. आईनं कपाळावर हात मारला नाही. ते परत खळबळून आणलं, दुसरं टोक परत दगडावर ठेवलं आणि परत उभी राहिली. या वेळी त्यानं दोन्ही हातांनी धरलं. पीळ बसला आणि लुगड्याच्या मध्यातून पाण्याची धार लागली. भाऊ हसला. मला नवल वाटलं, कारण आमच्यापैकी कोणी काही केल्यानं तो हसल्याचं मला आठवत नव्हतं.

त्यानंतर ते काम माझं राहिलं नाही. रोज दुपारी तो लुगड्याची वाट बघायचा. त्याला पाणी हवं होतं, आई नको होती, हे उघड होतं. पण पाणी आईशिवाय पडत नव्हतं. तिनं पीळ दिला तरच धार लागायची, आणि ती केव्हा देणार हे कळायला तिच्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. तोंडानं ती काही सांगणार नव्हती ना! आधी तो तिच्या हातांकडे बघायला लागला. मग एकदा आई पीळ देता देता मध्येच थांबली, बहुधा डोक्यावरचा पदर घसरला म्हणून. भाऊ थांबला. धार का थांबली म्हणून त्यानं वर पाहिलं, आधी हातांकडे, मग थेट तिच्या तोंडाकडे. आईनं पदर तसाच राहू दिला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मग तिनं मान हलवली आणि पीळ दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम थांबायला लागली. कधी उलटा पीळ द्यायची, आणि लुगडं सैल पडलं की चेहरा असा करायची की जणू तिला काही समजतच नाही. तो तिच्याकडे बघून खिदळायचा. पुढे घडी घालणं आलं. दोन टोकं धरून जवळ यायचं, मग लांब जायचं, परत जवळ यायचं. जवळ आला की तो तिच्या पोटाला कपाळ टेकवायला लागला. एरवी कोणी कुशीत घेतलं की ताठ होणारं पोर ते. मी दारात उभी राहून बघायची आणि मला खरं सांगायचं तर असूया वाटायची.

पण दिवा लागला की सगळं ओम् फस्. आई बोलायला सुरुवात करायची आणि तो तिच्यापासून उठून खाटेखाली जायचा. रोज असंच व्हायचं. आजीचं म्हणणं पडलं की देव प्रसन्न होतोय, पण हळूहळू होतोय, दिवसाच्या मौनाचं फळ दिवसापुरतंच देतोय. आईनं काही दिवस ते ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावून बाबांना म्हणाली, "देवाचं मले मालूम नाई. पन मी गप असली का तो माह्याजवळ येते, अन्‌ बोलली का उठून जाते. आपुन लय बोलतो हो. त्याले आपलं बोलनं भिंतीवानी लागत असन. कामात घेतलं, थांबलं, का मंग तो पाह्यते."

बाबांनी खाटेखाली पाहिलं. तिथून भावाचे नुसते तळपाय दिसत होते. बाबांचा दोष नव्हता. ते कचेरीतून यायचे दिवा लागता लागता, आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं वरवटला शेती बघायला जायचे. दुपारचा भाऊ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या वाट्याला आला तो संध्याकाळचा, कानांवर हात ठेवलेला. ते म्हणाले, "तुले तसं वाटून राह्यलं. माय हायस तू. डॉक्टरनं मले सांगतलंच होतं, माय ऐकनार नाई म्हनून."

आई म्हणाली, "एक दिवस दुपारी घरी राहा तुमी."

"लुगडं पिळनं पाह्याले रजा टाकू?" बाबा म्हणाले आणि हसले. ते हसणं मला अजून आठवतं. आई त्यानंतर दिवा लागल्यावरही फारशी बोलेनाशी झाली. माझ्याशी, आजीशी हळू आवाजात, कामापुरतं. भाऊ आता संध्याकाळीही तिच्या आसपास राहू लागला, पण बाबा आले आणि त्यांची गोष्ट सुरू झाली की खाटेखाली.

दिवाळी झाली. नागपूरहून निरोप आला की जागा झाली आहे. बाबांनी पत्र्याची ट्रंक आणली. आईनं तिच्यात भावाचे कपडे घडी करून ठेवले. त्या घड्या घालायलाही भाऊच तिच्यासमोर उभा होता, चादरींची टोकं धरून. आपण कुठल्या कामाला हात लावतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ते बघवेना. मी घराबाहेर जाऊन ओट्यावर बसले.

कार्तिकी एकादशी झाली आणि द्वादशीला मौनाचं उद्यापन ठरलं. या नेमाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची असते. आजीनं नांदुऱ्याच्या बाजारातून चांगली वजनदार पितळी घंटा मागवली होती. आळीतल्या बायका जेवायला बोलावल्या. आणि उद्यापन म्हणून बाबांनी त्या दिवशी रजा टाकली. लुगडं बघायला नव्हे, यजमान म्हणून. निघायचं दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, त्यात आजीचा आवाज, आणि त्यात ती नवी घंटा. आजीनं ती जीव तोडून बडवली. भाऊ खाटेखाली गेला आणि जमिनीवर डोकं आपटायला लागला. बाबांनी त्याला बाहेर ओढलं, तर त्यानं बाबांच्या हाताचा कडकडून चावा घेतला. बायका हळहळल्या. बाबा सगळ्यांदेखत आईला म्हणाले, "पाह्यलं? चार मह्यने नेम केला तू, काय झालं? आता उद्या मले आडवू नको."

आरती संपली. भटजींनी सांगितलं, नेम सुटला, आता देवाचं नाव घेऊन बोला. बायका आईकडे बघू लागल्या. मौन सोडताना पहिला शब्द काय निघतो हे ऐकायला सगळ्यांना आवडतं. आई काही बोलेना. आजी म्हणाली, "बोल वं, सुटला तुहा नेम." आई गप्प. "अवं, देवाचं नाव तं घे! पाप लागन." आई उठली, मागच्या दारी गेली, सकाळचं भिजत पडलेलं लुगडं बादलीतून काढून खळबळलं, एक टोक दगडावर ठेवलं आणि दुसरं धरून उभी राहिली.

बायका दारात जमल्या. आजी आत चिडून काहीतरी बोलत होती. बाबा हाताला फडकं गुंडाळत मागच्या ओट्यावर आले. "हे काय चालवलं?" ते म्हणाले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती आतल्या खोलीकडे बघत होती, खाटेकडे. किती वेळ गेला कोण जाणे. बायकाही बोलायच्या थांबल्या. मग भाऊ खाटेखालून निघाला. कपाळावर टेंगूळ आलं होतं. बायकांच्या लुगड्यांमधून वाट काढत आला आणि त्यानं दगडावरचं टोक उचललं.

आईनं पीळ दिला, त्यानं दिला. धार लागली. आई मध्येच थांबली. तो तिच्या तोंडाकडे बघू लागला. आता ती मान हलवील अशी त्याची अपेक्षा होती. पण तिनं मान हलवली नाही. तिनं सावकाश डोळे वळवले, बाबांकडे. भावानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, ते कुठे गेले ते शोधलं, आणि तोही बाबांकडे बघायला लागला.

बाबांना त्यानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे अंगावरून नजर गेली असेल, पण असं, एखाद्या माणसाकडे बघावं तसं, नाही. बाबांच्या हातातलं फडकं खाली पडलं. आईनं आपलं टोक त्यांच्यापुढे धरलं. बाबा उतरून आले. त्यांनी टोक घेतलं आणि सवयीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील "धर रे बे नीट" आणि सगळं मातीत जाईल. पण त्यांनी तोंड मिटलं. त्यांनी पीळ दिला, तो त्याच बाजूला, ज्या बाजूला भाऊ देत होता. लुगडं सैल पडलं. भावाला ती बाबांची युक्तीच वाटली. तो त्यांच्या तोंडाकडे बघून खिदळला. बाबांनी हात बदलले. मग धार पडली.

पुढे बाबांनी जे केलं त्यानं मात्र माझे कान तापले. पिळलेलं लुगडं आईच्या हाती न देता त्यांनी स्वतः झटकलं आणि दोरीवर पसरलं. कडा ओढून सुरकुत्या काढल्या. बायकोचं लुगडं, आळीतल्या सगळ्या बायकांसमोर, कचेरीतल्या कारकुनानं! बायकांनी तोंडाला पदर लावले. आजीनं तर आत जाऊन दारच लावून घेतलं. मला इतकी लाज वाटली की मी शेजारच्या काकूंच्या मागे लपले. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच ऐकावं लागणार हे मला दिसत होतं.

संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "ट्रंक मोकळी कर." एवढंच. भाऊ नागपूरला गेला नाही.

तो पुढे फार बोलला असंही नाही. आठव्या-नवव्या वर्षी "पाणी" म्हणाला, मग आणखी काही शब्द आले. आजही तो माझ्याजवळ राहतो आणि दिवसाला मोजके शब्द वापरतो, पण घरात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघतो. घर मात्र बदललं. प्रत्येकानं त्याच्याबरोबर एकेक काम धरलं. आजी त्याच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलायची आणि बोलायचा मोह आवरत नाही म्हणून गालात सुपारीचं खांड धरून बसायची. मी नि तो काठीला बादली अडकवून विहिरीचं पाणी आणायचो. बोलले की पाणी सांडायचं, कारण तो थांबायचा. बाबांनी रविवारचं वरवट सोडलं नाही, पण त्याला बरोबर न्यायला लागले. आणि बाबा, एवढे बोलके बाबा, घरी कचेरीच्या गोष्टी सांगायचे थांबले. त्या आम्हाला पुढे कधी ऐकायला मिळाल्या नाहीत. त्यांचं मला वाईट वाटतं.

पण एका गोष्टीसाठी मी बाबांना कधी माफ केलं नाही. तो डॉक्टर चुकला, तुझ्या मायेत काही कमी नव्हतं, हे त्यांनी आईला एकदाही सांगितलं नाही. आईचा तो "किती कमी हो?" मी ऐकलेला होता. निम्मा जन्म बडबड केलेल्या माणसाला एवढं एक वाक्य जड जावं? बाबा गेले त्या दिवशीही रडता रडता मला त्यांचा हाच राग आला होता.

मी नोकरीतून निवृत्त झाले त्या सुमाराला आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं मला सोबतीला म्हणून अकोल्याला नेलं. तिच्या लेकाला ऑटिझम आहे असं निदान झालं होतं आणि तिथं आई-बापांना शिकवणारा एक वर्ग होता. शिकवणारी बाई तरुण होती. कमी बोला, म्हणाली. थांबा. मुलाला रोजच्या घरकामात जोडीदार करा, आणि मध्येच थांबून त्याला तुमच्याकडे बघू द्या. घरातल्या सगळ्यांनी करा, एकट्या आईनं नव्हे. मी ऐकत होते आणि मला मागच्या दारातला तो दगड दिसत होता. पण हे सगळं सांगायच्या आधी, अगदी पहिल्याच वाक्यात, ती म्हणाली होती, "हे आईमुळे होत नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही." तिथल्या आया रडल्या. मीही रडले. माझं मूलही नव्हतं तिथं.

घरी आले ती तरातरा आईकडे गेले. आई तेव्हा फार थकली होती, दिवसभर खाटेवर पडून असायची. भाऊ तिच्या पायथ्याशी बसून उन्हातनं आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "त्या पोरीनं साऱ्या मायांले पह्यलेच सांगतलं, तुमचं काही चुकलं नाई म्हनून. तुले कोनी सांगतलं होतं काय?"

"हाव," आई म्हणाली. "तुह्या बाबायनं."

"कधी? ते तं कधीच काही बोलले नाई."

"उद्यापनाच्या दिवशी. तू होती ना तिथं."

"तेव्हा? तेव्हा तं त्यायनं तोंडातून शब्दही नाही काढला!"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती की ही पोरगी एवढी शिकली, पण हिला अजून सगळं बोलूनच सांगावं लागतं.

"साऱ्या बायांच्या देखत माहं लुगडं दोरीवर टाकलं त्यायनं," ती म्हणाली. "अजून कसं सांगतेत?"